तिसऱ्या रांगेतल्या जावा

समस्त आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना आणि आमच्या घराण्याविषयी ज्यांना ज्यांना काही शंका असतील त्या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नल्लकुंट्याच्या आमच्या घरातल्या दोन बायकांनी दूरचित्रवाणीवरच्या मालिकेत काम केलेलं आहे. एकही संवाद लिहून दिलेला नसताना. एकाही वर्तमानपत्राने ही बातमी छापली नाही, त्यामुळे ती जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे. सर्वांनी कृपया बसून घ्यावं.

त्या दोघी म्हणजे माझी आई आणि माझी काकू, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. एक घर, एक स्वयंपाकघर, दोन जावा. आई काकूला अक्का म्हणायची आणि भांडतानासुद्धा अहो-जाहो करायची. "अक्का, तुम्ही माझं डोकं खाऊ नका" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या अदबीनं म्हटलेलं ऐकलंय की बरीच वर्षं मला ते आमंत्रण वाटायचं. वडील नांदेडला नोकरीला होते, शनिवारी यायचे. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. व्हरांड्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसले की घरात आणखी कुणी राहतं हे त्यांना जेवायच्या वेळेलाच आठवायचं.

तो काळच सगळं नवं येण्याचा होता. दुकानांत ओळखू न येणारी बिस्किटं आली, रस्त्यावर चिमुकल्या मोटारी आल्या आणि एक दिवस केबलवाल्याने गच्चीवरून काळी तार टाकून आमच्या बैठकीत तेलुगू सीरियल सोडली. रोज दुपारी, जेवणं झाल्यावर. तोपर्यंत त्या वेळेला आई आणि काकू आपापल्या खोल्यांत पाठ टेकून मागच्या भांडणाची उजळणी करायच्या. आता दोघी एका चटईवर बसू लागल्या.

आईला तेलुगू चांगलं यायचं. काकूचं तेलुगू सुलतान बाजारातलं, म्हणजे भाव पाडण्यापुरतं. त्यामुळे आई तिला सोबतच मराठीत गोष्ट सांगायची आणि काकू ती अजिबात ऐकायची नाही. चेहऱ्यांवरून ती स्वतःच ठरवायची कोण कुणाचा कोण. परिणामी आमच्या घरात एकाच वेळी तीन सीरियली चालत : एक पडद्यावर, एक आई सांगायची ती आणि एक काकूच्या मनातली. तिसरी सगळ्यांत चांगली होती. नायकाची आई हृदयविकाराने अंथरुणाला खिळलेली होती, असं पडद्याचं आणि आईचं म्हणणं. काकू म्हणायची, तिला काही झालेलं नाही, ढोंग करते मेली. त्यावरून दोघींत एकदा तर दिवसभर अबोला झाला होता. मी तेव्हा एका खासगी शाळेत शिकवायची आणि दुपारी घरी यायची. जेवायला कुणी वाढलं नाही की समजायचं, आजचा भाग चांगला झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा एक तेलुगू गृहस्थ नेमका याच सीरियलचा प्रोडक्शन मॅनेजर निघाला. सीरियलमध्ये लग्न होतं आणि मांडवात बसवायला चांगल्या घरच्या दिसणाऱ्या, स्वतःची साडी आणि दागिने असणाऱ्या बायका त्याला हव्या होत्या. त्याने विचारलं आणि आमच्या दोघी, ज्यांचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, एका सुरात हो म्हणाल्या.

काकूने हळदी रंगाची, डाळिंबी काठाची गद्वाल काढली. तशीच दुसरी आईकडेही होती. आमच्याकडे रीतच होती, कार्यात दोन्ही जावांना एकाच दुकानातून, एकाच रंगाची साडी, म्हणजे कुणाला कमी-जास्त वाटायला नको. काकू आपली हौसेने नेसायची. आईने तिची कधी घडीसुद्धा मोडली नव्हती. दोघी एकसारख्या नेसून निघालो की बँडवाले वाटतो, असं तिचं म्हणणं. ती जांभळी नेसली.

शूटिंग हिमायतनगरच्या एका फंक्शन हॉलमध्ये होतं. मी सुट्टी टाकून सोबत गेले, त्यांची सेक्रेटरी म्हणून. दोघींना तिसऱ्या रांगेत अगदी मधोमध बसवलं. एक असिस्टंट आला आणि काकूला म्हणाला की तुमच्या गळ्यातले काळे मणी पदराखाली घ्या, हे तेलुगू घरातलं लग्न आहे. काकूने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. सवाष्ण बाईने मंगळसूत्र झाकून लग्नाला बसायचं ही कुठली पद्धत, आणि उद्या माझ्या नवऱ्याने हे टीव्हीवर पाहिलं तर त्याला काय वाटेल, असं तिने दखनीत विचारलं. नवरा घरी पेपर वाचत होता आणि त्याला बहुधा काहीच वाटलं नसतं. पण असिस्टंट घाबरून निघून गेला. मणी राहिले.

प्रसंग असा होता : मंगलाष्टकांसारखं काहीतरी चाललंय, नायकाच्या कानात मित्र काहीतरी सांगतो आणि नायक पाटावरून उठतो. पाहुण्यांनी चकित व्हायचं. तालमीत सगळे व्यवस्थित चकित झाले. प्रत्यक्ष कॅमेरा सुरू झाला, नायक उठला आणि काकू हे शूटिंग आहे हेच विसरली. खुर्चीतून अर्धी उठून ती ओरडली,

"अरे मेल्या, बस खाली!"

आईने पदरात तोंड लपवलं. मी खांबामागे गेले. डायरेक्टरने मात्र कॅमेरा थांबवला नाही. नंतर त्याने तो तुकडा पुन्हा पाहिला आणि म्हणाला की मांडवातल्या सगळ्या लोकांत ही एकच बाई खरी आहे, हिचा चेहरा ठेवा. आवाज नाहीतरी नंतर भरायचाच होता, मराठी काय नि तेलुगू काय. पुढचा भाग, म्हणजे नायक मांडवातून चालत बाहेर जातो तो, पाहुण्यांच्या पाठीमागून घ्यायचा होता. पण नायिकेचे डोळे आले. लाल डोळ्यांची नवरी कशी दाखवणार? उरलेलं काम काही आठवड्यांनी करायचं ठरलं. त्याच साड्या, तेच दागिने, त्याच खुर्च्या, असं सगळ्यांना बजावून सांगितलं.

ते आठवडे काकूचे होते. भाजीवालीला कळलं, दूधवाल्याला कळलं, बरकतपुऱ्याच्या बसच्या कंडक्टरला कळलं. पण ज्याला कळायला हवं होतं तो पेपरमागे होता. एका संध्याकाळी ती व्हरांड्यात गेली. मी दाराशी वाटाणे सोलत होते. काकांना ती म्हणाली, "ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तेवढा पेपर बाजूला ठेवा. मला बघा. एवढंच."

काका म्हणाले, "बघू."

काकूच्या मते हा होकार होता. संसाराचा तिचा अनुभव मोठा होता, तेव्हा असेलही.

आणि मग एका सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना, बादली भरायला म्हणून ती वाकली आणि परत उठली नाही. पाणी वाहत राहिलं. आईने आधी नळ बंद केला, मग हाक मारली. नंतर पुष्कळ दिवस ती स्वतःला हेच विचारत असे, आधी नळ का बंद केला.

सवाष्ण गेलेली. आत्याबाई आणि शेजारच्या बायका म्हणाल्या, हिरवी साडी नेसवा. आई ऐकेना. तिने काकूचं कपाट उघडलं आणि वरच ठेवलेली हळदी गद्वाल काढली. "यात त्या खूश होत्या," एवढंच म्हणाली. मळवट भरला, ओटी भरली आणि काकू हळदी गद्वालीत गेली.

घरात पाहुण्यांची गर्दी असतानाच प्रोडक्शन मॅनेजर भेटायला आला. पाणी प्यायला. मग आईला आणि मला बाजूला बोलावून, ओशाळत म्हणाला, "आंटी का शॉट एकदम अच्छा आया. मगर पीछे से लेना बाकी है."

त्याने समजावून सांगितलं. मधोमध बसलेली हळदी साडी पुढून दिसते, तर पाठीमागूनही दिसायला हवी. रिकामी खुर्ची चालणार नाही. दुसऱ्या रंगाची बाई चालणार नाही. जुळलं नाही, तर डायरेक्टर पाहुण्यांचे सगळे शॉट दुसरी माणसं बसवून नव्याने घेणार, आणि मग काकूचा चेहरा जाणार. तो बिचारा एवढंच मागत होता की साडी द्या, मी कुणाला तरी नेसवून बसवतो.

"साडी तर त्यांच्याबरोबर गेली," आई म्हणाली.

आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते म्हणून सांगते, काकू गेली त्या सकाळीही तो असा झाला नव्हता. स्वतःच्या हाताने तिने जावेला टीव्हीवरून पुसून टाकलं होतं.

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुन्या धोतरात गुंडाळलेली, कधी न मोडलेली दुसरी गद्वाल होती. ब्लाउजपीससुद्धा तसाच जोडलेला. तिने ती माझ्या हातात दिली आणि सांगितलं की ब्लाउज अक्कांच्या मापाचाच शिवून घे, तुला बसेल. मी तेव्हा तिशीच्या आत होते आणि काकू साठीच्या घरात. दुःखाचा प्रसंग होता म्हणून मी काही बोलले नाही. बसला, हेही इथे प्रामाणिकपणे नमूद करते.

प्रश्न सुतकाचा होता. सुतकात लग्नाला जाता येत नाही. पण खोट्या लग्नाला? आईने मला गुरुजींकडे पिटाळलं. गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. म्हणाले, मंत्र टेपवरचे आहेत, अग्नी आहे पण त्यात आहुती नाही, वधू-वर इतरत्र विवाहित आहेत, सबब हे लग्न नव्हे, दोष नाही. फक्त तिथलं गोडधोड खाऊ नका. मी उठले, तेव्हा त्यांनी दारापर्यंत येऊन हळूच विचारलं, मग तो मुलगा मांडवात परत येतो की नाही? गुरुजींच्या घरीही दुपारी जेवणं लवकर होत असावीत.

काकांना सांगायचं नाही, असं आईने ठरवलं. त्यांना हा प्रकार कसा वाटेल याची तिला भीती होती. डॉक्टरकडे जातोय असं सांगून आम्ही निघालो. व्हरांड्यात काका खुर्चीत होते. पेपर मांडीवर होता, घडी न मोडलेला.

हॉलमध्ये मला काकूच्या खुर्चीवर बसवलं. अंबाडा, त्यावर मोगऱ्याचा गजरा, पाठीवर पदर. मान वळवायची नाही, असं मला निक्षून सांगितलं. आई जांभळ्या साडीत शेजारी. माझ्याकडे तिने अजून एकदाही नीट पाहिलं नव्हतं. असिस्टंट आला, तोच काळ्या मण्यांवाला. काकूबद्दल त्याला कळलं होतं, त्यामुळे आवाज मऊ होता.

"अम्मा, पिछले बार तुम दोनों बातां करते बैठे थे ना? वैसेच करो. कुछ भी बोलो."

खरंच, मागच्या वेळी दोघी सबंध दिवस कुजबुजत होत्या. नवरीचे दागिने खोटे आहेत, भटजीला जानवं नाही, वगैरे. पहिल्या वेळेला आई गप्प बसून राहिली. डायरेक्टर म्हणाला, पुन्हा. दुसऱ्या वेळेलाही तेच. तिसऱ्या वेळेला कॅमेरा सुरू झाल्याची हाक आली आणि आई माझ्या कानाशी झुकली.

"अक्का," ती म्हणाली.

माझी मान वळणार होती. नाही वळवली.

"अक्का, भाऊजी ताक घेत नाहीत. पुढ्यात ठेवलं की नुसते बघत बसतात. तुम्ही त्यात काय घालत होतात, मी कधी विचारलंच नाही."

समोर नायक मांडवातून उठला, चालत बाहेर गेला. दिवे नीट नव्हते म्हणून पुन्हा घेतलं. आई पुन्हा झुकली, आणि आता ती थांबेना. आत्याबाईंनी तुमची पितळेची मोठी परात मागितली, मी नाही म्हटलं. नळाचं पाणी आता पहाटे येतं. नांदेडहून हे आले होते, तुमच्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. घरातली सगळी खबरबात ती मला, म्हणजे तिला, देत होती. इतकी वर्षं दोघींनी एकमेकींना जे सांगितलं ते भांडणातच सांगितलं. असं कानाशी लागून, हलक्या आवाजात, मी तिला कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

शेवटच्या वेळेला ती म्हणाली, "आणि अक्का, ती नायकाची आई. परवा दाखवलं. तिला काही झालेलं नाही. ढोंगच करते. तुमचंच बरोबर होतं."

माझे खांदे हलायला लागले. मागून डायरेक्टर ओरडला, हळदी साडी, हलू नका. आयुष्यात मी एवढा एकच अभिनय केलाय, न हलण्याचा, आणि तो तुम्हाला सांगते, उत्तम केलाय. काम संपल्यावर डायरेक्टर आईजवळ आला आणि म्हणाला की अम्मा, किती सहज बोलत होता, जणू खरंच. आईने त्याला नमस्कार केला. लाडू घेतला नाही.

लग्नाचा भाग लागला तेव्हा बरेच दिवस गेले होते. त्या दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या बैठकीत जमल्या. आईने व्हरांड्यातून काकांना बोलावलं. जेठाशी ती कधी समोर उभी राहून बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. "भाऊजी, आज अक्का दिसणार आहेत. या."

काका आले. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. पेपर त्यांनी घडी करून मांडीवर ठेवला, बाजूला कुठे ठेवावा ते न सुचल्यासारखा. पडद्यावर मांडव आला. काका एकेकाकडे बोट करून विचारू लागले, हा कोण, ती कोण, आणि आई, काकूला सांगायची तसंच, त्यांना सांगू लागली. नायकाच्या कानात मित्र बोलला. नायक उठला. काकांच्या मांडीवरचा पेपर घसरला आणि ते तो उचलायला वाकले.

काकू पडद्यावर आली. तोंडभर. गळ्यात काळे मणी. अर्धी उठलेली, डोळे विस्फारलेले. व्हायोलिनच्या कल्लोळात तिचे ओठ हलले, आणि ते काय म्हणतायत हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच कळलं. मग ती गेली. पापणी लवावी एवढाच वेळ होता तो.

काकांनी पेपर उचलून वर पाहिलं.

"दिसल्या ना?" आईने विचारलं.

"कुठे?" काका म्हणाले.

टीव्हीवर गेलेलं परत आणता येत नव्हतं, आमच्याकडे तसलं यंत्र नव्हतं. आई पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं, त्या ट्रंकेचा, गुरुजींचा, त्या सगळ्या खटाटोपाचा काही उपयोग झाला नाही. काकूने काकांकडे एवढंच मागितलं होतं, आणि ते तेवढ्यात पेपर उचलत होते.

पडद्यावर आता मागून घेतलेला मांडव आला. नायक दूरवरून चालत येत होता, संथपणे, आणि तिसऱ्या रांगेत मधोमध एक हळदी पाठ होती. अंबाडा, गजरा, डाळिंबी काठ. शेजारची जांभळी साडी तिच्या कानाशी झुकलेली. शॉट लांब होता. काका खुर्चीत पुढे सरकले. पेपर पुन्हा खाली पडला, या वेळी त्यांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांचा हात वर गेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने माझं मनगट घट्ट धरलं.

आणि भरल्या खोलीत काका मोठ्याने म्हणाले, "अगं, ही मघापासून अशीच बसलीय. कुणी पाणी तरी विचारलं का हिला?"